खोटं छापूनही हे लोक सुटतात कसे?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की सिनेमाची गॉसिप मासिकं दर महिन्याला धडधडीत खोटं छापतात तरी त्यांच्यावर केस का होत नाही, आणि मी जागा कमी म्हणून दोन ओळीत उरकलं होतं, "होते, पण क्वचित होते" एवढंच. त्यावर भुसावळ, अमळनेर, शिरपूर, पार शहाद्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आणि मेसेज आले की ताई हे असं चालणार नाही, नीट सांगा. बरोबर आहे तुमचं. या वेळचं सगळं पान याच विषयाला देतेय. यातलं एक पत्र चोपडा तालुक्यातल्या एका बाईचं आहे, ते सगळ्यांनी वाचाच.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं भुसावळला सलून आहे, गिऱ्हाइकांना बसल्या बसल्या वाचायला मासिकं ठेवतो. एकाच हिरोइनला वर्षभरात दोनदा दिवस गेले, एकदा गुपचूप लग्न झालं, एकदा नवऱ्याशी बिनसलं असं छापून आलं आणि त्यातलं काहीच झालेलं नाही. आपल्या अहिराणीत विचारायचं तर, ह्या लोक खोटं छापीसन बी सुटतस कसा?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, मुळात एक गोष्ट लक्षात घ्या, नुसतं खोटं छापलं म्हणून लगेच बदनामी होत नाही. कायदा विचारतो की त्या खोट्यामुळे चार लोकांत त्या माणसाची किंमत कमी झाली का? आता तुमच्याच दुकानातले मथळे आठवा. गुपचूप लग्न, जुळी होणार, जुना मित्र परत आयुष्यात आला, अमक्या सिनेमासाठी दहा किलो वजन घटवलं. सगळं खोटं असेल, पण यात त्या बाईची अब्रू कुठे गेली? कोर्टात जाऊन ती काय सांगणार, की मला बाळ होणार असं लिहून माझी बदनामी केली? टिकणारच नाही हो ते. मासिकवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्यांचं बहुतेक खोटं असं गोडाचं असतं, ज्याने चर्चा होते, अंक खपतो आणि कोणाला कोर्टात जायला कारण मिळत नाही. दारू, ड्रग्ज, पैसे खाल्ले, लफडं असले शब्द आले की मात्र तीच माणसं एकदम सावध होतात.

सावध का होतात त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या नॅशनल एन्क्वायरर या साप्ताहिकानं १९७६ साली कॅरल बर्नेट या नटीबद्दल चार ओळी छापल्या, की वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात तिने दंगा केला आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्याशी मोठ्याने वाद घातला. वाचणाऱ्याला वाटावं बाई प्यायलेली होती. तिचे आईवडील दोघंही दारूपायी गेलेले, त्यामुळे ते तिच्या जिव्हारी लागलं. साप्ताहिकानं नंतर खुलासा छापला, तरी ती मागे हटली नाही, आणि १९८१ साली ज्यूरीनं (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं) १६ लाख डॉलर भरपाई ठरवली, जी पुढे कमी होत होत २ लाखांवर आली. यात मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा. कॅलिफोर्नियात वेळेत खुलासा छापला तर वर्तमानपत्राला मोठी सूट मिळते, ती सूट एन्क्वायररने मागितली आणि कोर्टाने दिली नाही. कोर्टाचं म्हणणं असं की ती सवलत रोजच्या घाईत बातमी देणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला मजकूर तपासायला आठवडे मिळतात. किती बरोबर बोललं कोर्ट! महिन्यातून एकदा निघणाऱ्या मासिकाला "घाईत चुकलं" म्हणायची सोय कशाला हवी?

आता मोठ्या टॅब्लॉइडांत, म्हणजे असल्या चटपटीत बातम्यांच्या पेपरांत, अंक छापायला जायच्या आधी वकील पानं वाचतो. एक शब्द इकडचा तिकडे, नाव काढ, "म्हटलं जातं" घाल, हे सगळं तिथे होतं. तुम्ही जो मथळा वाचता तो पत्रकाराइतकाच वकिलाने लिहिलेला असतो असं समजा.

अमेरिकेत अजून एक मोठी ढाल आहे. १९६४ सालच्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या निकालाने ठरलं की सरकारी पदावरच्या माणसाने बदनामीची केस लावली तर बातमी खोटी होती एवढं दाखवून भागत नाही, छापणाऱ्याला ती खोटी असल्याचं माहीत होतं किंवा खऱ्याखोट्याची त्याने पर्वाच केली नाही हेही सिद्ध करावं लागतं, आणि तीन वर्षांनी हेच सगळ्या प्रसिद्ध लोकांना लागू झालं. हा निकाल आला तो काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीतून, अलाबामातल्या एका अधिकाऱ्याने जाहिरातीवरून पेपरला बुडवायला काढलं होतं त्यातून. निकाल चांगलाच आहे, पण त्याच्या सावलीत नटनट्यांच्या बेडरूमच्या बातम्या विकणारेही येऊन बसले.

प्रश्न: ताई, मथळ्यात शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं किंवा "सूत्रांच्या माहितीनुसार", "म्हणे" असं लिहिलं की काहीच करता येत नाही असं आमच्या इथे एक पत्रकार ठासून सांगतात. खरं आहे का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर: नाही दादा, साफ चूक. हा समज पत्रकारांतच फार पसरलाय. लंडनच्या हायकोर्टात २०१३ साली एक केस झाली, एका बाईंनी ट्विटरवर फक्त एवढंच विचारलं होतं की लॉर्ड मॅकअल्पाइन (तिथले एक राजकारणी) ट्रेंडिंग का आहेत, आणि पुढे साळसूद चेहऱ्याची खूण. बस. त्या दिवसांत त्यांच्याबद्दल अत्यंत घाणेरडी अफवा चालू होती. कोर्टाने म्हटलं, वाचणाऱ्याला काय सुचवायचंय ते स्पष्ट आहे, ही बदनामीच. प्रश्न विचारला म्हणून सुटका नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (म्हणजे जुनं आयपीसी ४९९ आणि ५००, १ जुलै २०२४ पासून नवा नंबर) स्पष्ट सांगतं की उपरोधाने किंवा "हे तरी खरं नाहीतर ते तरी" अशा आडून केलेला आरोपही बदनामीत धरता येतो.

"म्हणे"चं पण तेच. दुसऱ्याने सांगितलेली बदनामी तुम्ही छापली की ती तुमची झाली, "मी फक्त ऐकलेलं लिहिलं" हा बचाव नाही. सूत्रांचा फायदा होतो तो वेगळ्या ठिकाणी. उद्या कोर्टात "आम्ही खात्री केली होती" असं दाखवायची वेळ आली तर दोन माणसांच्या सहीची जबाबपत्रं काढून दाखवता येतात, म्हणून परदेशातले टॅब्लॉइड सूत्राला पैसे देतात आणि सही पण घेतात. ज्याच्याकडे कागदावर काहीच नाही त्याचं "सूत्र" कोर्टात उभं राहत नाही.

बाकी मथळा एक आणि आत भलतंच, हा प्रकार मात्र खूप चालतो. २०११ साली स्टार या अमेरिकन मासिकानं केटी होम्सच्या फोटोसोबत मुखपृष्ठावर ड्रग आणि व्यसन हे शब्द ठळक छापले, आत वाचावं तर ती ज्या सायंटॉलॉजी पंथात होती त्या पंथातल्या एका यंत्रासमोर बसून करायच्या सत्रांबद्दलचा मजकूर. तिने ५ कोटी डॉलरचा दावा लावला आणि मासिकाला माफी मागून संस्थेला देणगी द्यावी लागली. पण इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने १९९५ साली नेमकं उलट धोरण घेतलं होतं. एका रविवारच्या टॅब्लॉइडने टीव्ही मालिकेतल्या दोन कलाकारांची डोकी अश्लील फोटोंवर चिकटवून छापली, आणि खाली मजकुरात लिहिलं की कोणीतरी कॉम्प्युटर गेममध्ये असं केलंय, बिचाऱ्यांचा यात दोष नाही. कोर्ट म्हणालं, फोटो मथळा आणि मजकूर एकत्र वाचायचा, म्हणून बदनामी नाही. मला हा निकाल अजिबात पटत नाही. सलूनमध्ये नंबर यायची वाट बघणारा माणूस मथळा आणि फोटो बघतो आणि पान उलटतो, आतल्या बारीक अक्षरांपर्यंत किती जण जातात? ज्याचा फोटो असतो त्याचं जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं.

प्रश्न: नावच छापलं नाही, नुसतं "एक आघाडीची अभिनेत्री", "खान्देशातला एक उद्योगपती" असं लिहिलं तर? सगळ्यांना कळतं कोण ते, पण नाव नाही.
– एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर: सर, नाव छापायलाच हवं असं काही नाही. ओळखणाऱ्यांना ओळखू आलं की झालं. त्यावरचा जुना निकाल इंग्लंडचाच आहे. १९०८ साली संडे क्रॉनिकल या पेपरने एका लेखात आर्टेमस जोन्स नावाचं काल्पनिक पात्र रंगवलं, फ्रान्सला जाऊन बायकोव्यतिरिक्त दुसऱ्याच बाईसोबत मजा करणारं. लेखकाच्या म्हणण्यानुसार नाव सहज सुचलं. पण त्या नावाचा खराखुरा बॅरिस्टर निघाला, त्याला ओळखणाऱ्यांनी साक्ष दिली की आम्हाला हाच वाटला, आणि १९१० साली सर्वोच्च पीठाने १,७५० पौंडांची भरपाई कायम केली. म्हणजे पात्र काल्पनिक होतं हे सांगूनही पेपर सुटला नाही.

आपल्याकडे १९७१ साली स्टारडस्ट हे सिनेमाचं मासिक निघालं आणि त्यातलं नीताज नॅटर हे सदर अशा बिननावाच्या कुजबुजीसाठी गाजलं. मग तिथे धडाधड केसेस का लागल्या नाहीत? कारण इथे खरा डाव आहे सर. बिननावाच्या मजकुरावर केस करायची तर आधी त्या माणसाला स्वतः कोर्टात उभं राहून म्हणावं लागतं, "हे माझ्याबद्दल लिहिलंय." दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात तेच येणार, ज्याला काल माहीत नव्हतं त्यालाही आज कळणार. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत होते, आणि मासिकवाल्याचं काम तिथेच फत्ते होतं. मला या धंद्यातली ही युक्ती सगळ्यात क्रूर वाटते.

प्रश्न: "१०१ वर्षांच्या आजीला दिवस गेले" असल्या बातम्या तर कोणी खऱ्या मानतच नाही ना, मग त्याला काय हरकत?
– कॉलेजमधली एक वाचक, नंदुरबार

उत्तर: अगं, नेमका हाच मथळा खरोखर छापला गेला होता! १९९० मध्ये सन नावाच्या अमेरिकन टॅब्लॉइडने ही बातमी रचली आणि सोबत फोटो लावला अर्कान्सा राज्यातल्या ९६ वर्षांच्या एका खऱ्या बाईंचा, ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या गावात पेपर विकले होते. फोटो जुना, त्यामुळे संपादकांना वाटलं आजी केव्हाच गेल्या असतील, आणि तिकडे मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, दावा लावायला कोणी उरतच नाही. आजी जिवंत होत्या. गावातले लोक विचारायला लागले, बाळ केव्हा होणार म्हणून. त्यांनी दावा केला, तो बदनामीवर नाही पण खासगीपणावर घाला आणि मनस्ताप यावर टिकला, आणि १९९१ साली ज्यूरीनं १५ लाख डॉलर ठरवले, त्यातला काही भाग पुढे कमी झाला. "असलं कोणी खरं मानत नाही" हाच बचाव तिथे मांडला गेला होता आणि तो चालला नाही. आपल्याकडचा कायदा या बाबतीत थोडा बरा आहे, मृत माणसाबद्दल घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं तर तीही बदनामी धरता येते.

प्रश्न: एवढा पैसा असून नटनट्या केस का करत नाहीत?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर: काही करतात. पण बहुतेकांचे वकीलच त्यांना थांबवतात. आधी वेळ. आपल्याकडे दिवाणी दावा लागला की निकाल केव्हा लागेल सांगता येत नाही, आणि तोवर ती बातमी कोणाला आठवतही नसते, दर तारखेला तीच परत ताजी होते. मग उलटतपासणी. तुम्ही म्हणालात की माझी अब्रू गेली, तर समोरचा वकील तुमची अब्रू किती होती हे तपासायला मोकळा होतो, कोणासोबत कुठे गेला होता, औषधं कसली घेता, नवऱ्याशी पटतं का, सगळं. चार ओळींच्या कुजबुजीपायी चारशे पानांची नोंद कोर्टात करून घ्यायची कोणाची तयारी असते?

आणि जिंकूनही हातात काय येईल याचा भरवसा नाही. ऑस्ट्रेलियात रिबेल विल्सन या नटीला २०१७ मध्ये मासिकांच्या कंपनीविरुद्ध सुमारे ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, सगळीकडे गाजावाजा झाला, पुढच्या वर्षी अपिलात ते ६ लाखांवर आले आणि बाकीचे परत करायची वेळ आली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही, मी कोर्टात रोज उभी राहते तरी म्हणते.

शिवाय नटनट्या आणि मासिकं या दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. नवा सिनेमा आला की त्याच मासिकाचं मुखपृष्ठ हवं असतं. मग तक्रार फोनवर मिटते, पुढच्या अंकात छान मुलाखत येते. कधी तर बातमी दडपण्याचाच धंदा होतो. एन्क्वायररच्या कंपनीने २०१६ साली अमेरिकेच्या निवडणुकीआधी एका बाईची ट्रम्प यांच्याबद्दलची हकीकत दीड लाख डॉलरला विकत घेतली आणि छापलीच नाही, हे पुढे कंपनीने सरकारी वकिलांपुढे मान्य केलं. म्हणजे हेच लोक कोणाबद्दल खोटं छापणार आणि कोणाबद्दलचं पैसे मोजून दाबून ठेवणार.

प्रश्न: प्रत्येक पेपराच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं, "या अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही" आणि "वाद जळगाव न्यायकक्षेत". यामुळे ते सुटतात का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: सुटत नाहीत. ती ओळ म्हणजे देवळाबाहेर "चपला सांभाळा, हरवल्यास जबाबदार नाही" लिहितात तसली आहे. संपादक म्हणून ज्याचं नाव छापलेलं असतं तो जबाबदार धरला जातो, आणि मुख्य संपादकाच्या पदावरचा माणूस "मी तर वाचलंच नव्हतं" म्हणून आपोआप बाहेर पडत नाही, २००२ साली सुप्रीम कोर्टाने मल्याळा मनोरमा या केरळच्या पेपरच्या संपादकांच्या केसमध्ये हे सांगितलंय. न्यायकक्षेची अट तर वाचकाला लागूच होत नाही, तुम्ही काही त्यांच्याशी करार केलेला नाही. अंक शहाद्यात वाटला गेला आणि तुमची बदनामी शहाद्यात झाली तर तुमच्या भागातल्या कोर्टात दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ मध्ये ही निवड दावा लावणाऱ्याची आहे. त्या बारीक ओळींचा तुम्हाला एक फायदा मात्र आहे, नोटीस कोणाच्या नावाने काढायची ते त्यातच छापलेलं असतं.

प्रश्न: ताई, माझं नाव आणि गाव छापू नका, चोपडा तालुका एवढंच लिहा. माझी जाऊ अंगणवाडीत आहे. दिवाळीच्या आधी एका साप्ताहिकाचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, विशेषांकाला जाहिरात द्या म्हणे, नाहीतर आमच्याकडे तुमच्याबद्दल बरंच काही आलंय. आम्ही नाही म्हटलं. पुढच्या अंकात छापून आलं की आहाराचे पैसे खाल्ले, आणि त्यासोबत एका माणसाशी जोडून फार घाण लिहिलं. नाव नाही, पण गावाचं नाव आणि आडनावाचं अक्षर आहे. चौकशी झाली, काही निघालं नाही. तिने जेवण सोडलंय. घरचे म्हणतात गप्प बसा, कोर्टात गेलं तर अजून नाचक्की. काय करावं?

उत्तर: माय, तुझं पत्र वाचून मला संताप आला आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. नटीला वकील असतो, मॅनेजर असतो, तिची बाजू छापायला दहा पेपर तयार असतात. अंगणवाडीतल्या बाईला रोज त्याच गल्लीतून पाणी भरायला जावं लागतं. याच खान्देशात, अमळनेरला, साने गुरुजींनी १९३८ साली शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं होतं, आणि आज तालुक्याचं साप्ताहिक बाईमाणसाच्या घरी जाऊन जाहिरातीसाठी धमकावतं.

आता नीट ऐक आणि जावेलाही वाचून दाखव.

जाहिरात द्या नाहीतर छापतो, ही खंडणीची मागणी आहे. मी ओढूनताणून म्हणत नाहीये, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली कायद्यानेच पहिलं उदाहरण दिलंय ते हेच, की पैसे दिले नाहीत तर बदनामीकारक मजकूर छापीन अशी धमकी देऊन पैसे काढणं. तुम्ही पैसे दिले नाहीत तरी त्यासाठी भीती घालणं हाही त्याच कलमात गुन्हा आहे. नुसत्या बदनामीत पोलीस "हे आमच्याकडे नाही, कोर्टात जा" म्हणतात आणि ते बरोबरच असतं, कारण तो अदखलपात्र गुन्हा आहे. खंडणीचं तसं नाही, ती दखलपात्र आहे, तक्रार घ्यावी लागते. म्हणून तो माणूस कोणत्या दिवशी आला, घरात तेव्हा कोण होतं, काय शब्द बोलला, फोन आले असतील तर त्यांची नोंद, सगळं आत्ताच वहीत लिहून काढा, आठवण पुसट व्हायच्या आत.

त्या अंकाच्या मूळ प्रती ठेवा, झेरॉक्स नको, आणि पूर्ण अंक ठेवा, फाडलेलं पान नको, कारण संपादकाचं आणि प्रकाशकाचं नाव दुसऱ्याच पानावर असतं. गावातली दोन-तीन माणसं शोधा जी सांगतील की वाचल्यावर आम्हाला हीच बाई वाटली. वर अमळनेरच्या सरांना सांगितलं तेच इथे लागू आहे, अक्षर टाकून कोणी सुटत नाही. आणि नटीच्या बाबतीत जो डाव चालतो तो इथे चालत नाही, कारण गावात सगळ्यांना आधीच कळलंय. गप्प बसून आता काय झाकायचं राहिलंय? उलट गप्प बसलं तर लोक म्हणतील खरंच असेल. तुमच्या घरच्यांना माझं हे म्हणणं दाखव.

मग वकिलामार्फत संपादकाला नोटीस, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून. तीत स्पष्ट मागा की तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा आणि माफी छापा. कोपऱ्यातली दोन ओळींची दिलगिरी मान्य करू नका. माझा अनुभव असा की छोट्या साप्ताहिकांची बरीचशी हवा नोटिशीतच निघते, कारण त्यांच्याकडे छापलेल्याला पुरावा नसतो. नाही छापलं तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे (पेपरांवरच्या तक्रारी ऐकणारी संस्था) तक्रार करता येते, संपादकाला आधी लिहिलेलं असावं लागतं आणि साप्ताहिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत जावं लागतं. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देते, निषेध नोंदवते, एवढंच. तरी त्या कागदाला किंमत आहे, पुढे कोर्टात लावता येतो.

भरपाईचा दिवाणी दावा एक वर्षाच्या आत लावावा लागतो, हे फार लोक विसरतात आणि वर्ष उलटून गेल्यावर माझ्याकडे येतात. मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी लागते म्हणून रकमेचा आकडा वकिलाशी बोलून ठरवा. फौजदारी तक्रार मॅजिस्ट्रेटकडे, ती साधारणपणे ज्याची बदनामी झाली त्यानेच करायची, मुदत तीन वर्षं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे.

ते काय म्हणतील तेही सांगून ठेवते. म्हणतील, सरकारी आहाराचा विषय आहे, जनतेच्या हिताचं लिहिलं. आहाराबद्दल लिहायचा त्यांना हक्क आहेच आणि तो असायलाच हवा, नाहीतर खरोखर खाणारे मोकळे सुटतील. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या राजगोपाल निकालात पदावरच्या माणसाच्या कामाबद्दल लिहिणाऱ्याला बरीच मोकळीक दिली आहे, पण त्याच निकालात खासगी आयुष्य, लग्न, घरदार यावर संमतीशिवाय लिहायचं नाही असंही म्हटलंय. म्हणजे आहाराचा भाग आणि तो घाणेरडा भाग वेगवेगळे धरायचे, दुसऱ्या भागाला जनहिताचं पांघरूण घालता येत नाही. आणि सद्भावनेने लिहिलं असं म्हणाले तर ती त्यांनी पुराव्याने दाखवायची. १९८१ साली मुंबईच्या ब्लिट्झ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्धची केस हायकोर्टाने काढून टाकली होती, ती सुप्रीम कोर्टाने बहुमताने परत चालवायला लावली, सद्भावना होती की नव्हती हे खटल्यातच ठरेल म्हणून. जाहिरात नाकारल्यावर पुढच्याच अंकात छापणाऱ्याची सद्भावना कोणत्या कोर्टाला दिसेल?

जावेला सांग की आधी जेव. आणि तिला एकटीला कोर्टात पाठवू नका, घरातलं कोणीतरी प्रत्येक तारखेला सोबत असू द्या. जळगावला येणार असाल तर मासिकाच्या कार्यालयात निरोप ठेवा, कागद मी स्वतः बघते, फी लागणार नाही.

प्रश्न: मॅडम, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धुळ्यातल्या एका डॉक्टरांबद्दलचं यूट्यूब चॅनलचं क्लिप आलं होतं, मी ते दुसऱ्या दोन ग्रुपवर टाकलं. आता कळतंय ते खोटं होतं. मी तर फक्त फॉरवर्ड केलं, बनवलं नाही. मला काही होईल का? आणि अ‍ॅडमिनला?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर: होऊ शकतं. मद्रास हायकोर्टाने २०१८ मध्ये एका नेत्याच्या फेसबुक पोस्टच्या केसमध्ये म्हटलं की मेसेज पुढे पाठवला म्हणजे तो तुम्ही मान्य केला. बदनामीत बनवणारा आणि पसरवणारा दोघंही येतात. अ‍ॅडमिनची गोष्ट वेगळी आहे, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं की मेंबरने टाकलेल्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, त्याचा त्यात हात असल्याचं दिसलं पाहिजे.

यूट्यूबवरच्या चॅनलला प्रेस कौन्सिल लागू होत नाही. तिथे २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. तिथूनही नाही झालं तर कोर्ट. एप्रिल २०२३ मध्ये बच्चन कुटुंबातल्या लहान मुलीच्या तब्येतीबद्दल खोटे व्हिडिओ टाकले गेले तेव्हा दिल्ली हायकोर्टाने ते काढायला लावले होते. डॉक्टरांना हे सगळं करावं लागणार आहे, आणि त्यात तुझी मदत होऊ शकते, क्लिप तुला कुठून आली, कोणत्या तारखेला, हे तुझ्या फोनमध्ये आहे. ते डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेव. मग दोन्ही ग्रुपवर लिही की मी टाकलेलं क्लिप खोटं होतं, पुढे पाठवू नका, आणि अ‍ॅडमिनला सांगून ते काढून टाक. स्क्रीनशॉट घेऊन डॉक्टरांना स्वतः जाऊन भेट, दवाखाना बंद व्हायच्या वेळेला जा म्हणजे पेशंटसमोर बोलावं लागणार नाही.